उजेड म्हणजे कोरा कागद

एक छोटासा प्रयोग करून बघा. पांढरा कागद आणि काळं बॉलपेन घ्या आणि पेटलेली मेणबत्ती काढा. ज्योतीचा आकार जमेल, पण ती उजळ काही दिसणार नाही. कागद आधीच पांढरा, आणि त्याहून पांढरं तुमच्याकडे काहीच नाही. मग एकच उपाय उरतो. ज्योत तेवढी सोडायची आणि बाकीचा कागद काळा करत सुटायचं. रेघांवर रेघा, त्यावर आडव्या रेघा, हात दुखेपर्यंत. मग कधीतरी, जिथे तुम्ही पेन टेकवलंच नव्हतं नेमकं तिथे, ज्योत पेटते.

सतराव्या शतकातल्या डच मुद्राचित्रकारांपुढे, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणाऱ्यांपुढे, हाच पेच होता. तेलरंगात काम करणाऱ्याचं बरं असतं. सगळं गडद रंगवून झाल्यावर शेवटी कुंचल्याच्या टोकाने पांढऱ्याचा एक ठिपका दिला की तलवारीचं पातं लखलखतं. छापायच्या चित्रात शाई काळी आणि एकच. त्यात उजेड काढता येत नाही, फक्त शिल्लक ठेवता येतो. कष्ट सगळे अंधाराचे. आणि या मंडळींनी विषय निवडले ते असे: बेथलेहेमच्या गोठ्यातली रात्र, मेंढपाळांपुढे आभाळ उघडून उतरलेला देवदूत, भर दुपारी क्रूसाभोवती दाटलेला काळोख. म्हणजे जिथे उजेड हाच कथेचा नायक, तिथे हातात साधन फक्त अंधाराचं.

हा लेख मुख्यतः रेम्ब्रँट या डच चित्रकाराबद्दल आहे. त्याची तैलचित्रं सगळ्यांना माहीत असतात; पण त्याने सुमारे तीनशे एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापायची चित्रं, केली, आणि अंधार ही वस्तू कशी घडवतात ते समजून घ्यायचं तर तिथेच जावं लागतं.

आधी एक साधा प्रश्न. ज्या देशात चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या, तिथे बायबलमधली चित्रं काढायची कोणी आणि घ्यायची कोणी? 1566 च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली. कॅल्विनपंथीयांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी, संतांचे पुतळे पाडले, वेदीवरची चित्रं उतरवली. पुढे प्रॉटेस्टंट झालेल्या चर्चमध्ये भिंतींना पांढरा चुना लागला. देवाची प्रतिमा करू नये आणि तिच्यापुढे वाकू नये, ही आज्ञा ते अक्षरशः पाळत होते. त्यामुळे चित्रकारांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, म्हणजे चर्च, गेलं. पण चित्र भिंतीवरून उतरलं तरी घरातून गेलं नाही. हा बायबल वाचणारा देश होता. 1637 मध्ये तर सरकारच्या खर्चाने केलेलं डच भाषांतर छापून आलं. वाचलेला प्रसंग डोळ्यांपुढे यावा म्हणून छापील चित्र चालत होतं, कारण त्याची पूजा होत नव्हती. लोक ते वहीत चिकटवून ठेवत, हातात घेत, खिडकीशी धरून बघत. घेणाऱ्यांत कॅल्विनपंथीय होते, मेनोनाइट हा दुसरा प्रॉटेस्टंट पंथ पाळणारे होते, आणि घरांच्या माळ्यांवर गुपचूप प्रार्थना करणारे कॅथलिकही होते.

माझ्या मते याचा चित्रांवर एक खोल परिणाम झाला. देवत्व दाखवायची जुनी सामग्री, म्हणजे डोक्यामागची सोनेरी तबकडी, मुकुट, सिंहासन, या घरगुती चित्रांत शोभेना. येशू साध्या कपड्यांत, साध्या माणसांत उभा. मग हा वेगळा आहे हे सांगायचं कशाने? उरला तो उजेड. आणि उजेड म्हणजे काय, तर कोरा कागद.

तांब्यावर काळोख पेरायच्या तीन रीती

हे तंत्र जरा सावकाश बघू. ते कळलं की पुढची चित्रं आपोआप उलगडतात.

पहिली रीत एन्ग्रेव्हिंगची. तांब्याचा गुळगुळीत पत्रा आणि ब्यूरिन नावाचं चौकोनी पात्याचं, तिरकं धार लावलेलं पोलादी हत्यार. मूठ तळहातात धरून ते पुढे ढकलायचं. तांब्याचा बारीक पीळ निघतो आणि मागे स्वच्छ चर उरते. हे मुळात सोनारकामातून आलेलं कसब. रेघ सुरुवातीला बारीक, मधे फुगलेली, शेवटी पुन्हा बारीक करता येते. हार्लेमचा हेन्ड्रिक गोल्टझियस यात इतका पटाईत होता की त्याच्या रेघा बघताना विषयाकडे लक्षच जात नाही. हे मी कौतुक म्हणून लिहितोय की तक्रार म्हणून, ते माझं मलाही नक्की ठरवता आलेलं नाही.

दुसरी रीत एचिंगची. तांब्यावर मेणासारखा लेप चढवायचा. 1660 मध्ये लंडनला छापलेल्या एका पुस्तिकेत रेम्ब्रँटच्या नावावर अशा लेपाची कृतीच दिली आहे: मेण, रुमी मस्तकी आणि अस्फाल्ट. लेपावर सुईने चित्र काढायचं. सुई तांबं कोरत नाही, फक्त लेप खरवडते, त्यामुळे हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. मग पत्रा आम्लात. लेप निघाला असेल तिथे आम्ल तांबं खातं. तांब्याचा तांब्या चिंचेने घासला की कसा उजळतो ते आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तांबं आंबटाला वश होतं ते असं. इथे आम्ल कितीतरी कडक, एवढाच फरक. पत्रा जितका वेळ आम्लात, चर तितकी खोल, शाई तितकी जास्त आणि रेघ तितकी काळी. काही रेघा फिक्याच हव्या असतील तर पत्रा लवकर बाहेर काढून त्या रेघांवर वार्निश लावायचं आणि बाकीच्यांना पुन्हा डुबकी द्यायची. म्हणजे इथे अंधार घड्याळावर मोजला जातो.

तिसरी रीत ड्रायपॉइंटची, आणि या लेखाचा जीव तिच्यात आहे. यात लेप नाही की आम्ल नाही. टोकदार सुईने थेट तांबं ओरबाडायचं. नांगराचं तास आठवा. फाळ पुढे गेला की मधे चर पडते आणि कडेला मातीचा वरंबा उठतो. तांब्यातही तसंच होतं. सुई गेली की रेघेच्या कडेला तांब्याचा खरखरीत, सूक्ष्म बांध उभा राहतो. त्याला बर म्हणतात. शाई नुसती चरीत बसत नाही, या बांधाच्या कुशीतही साचते. छापल्यावर रेघेला काळ्या मखमलीची झालर येते. ओल्या कागदावर शाईचा थेंब पसरावा, तशी मऊ.

पण हा बर नाजूक. छपाईयंत्राचे रूळ आठवायचे तर उसाचा चरक आठवा. दोन रुळांमधून पत्रा आणि ओला कागद दाबून पलीकडे जातात. दर वेळी बर थोडा थोडा चेपतो. पहिल्या पंधरा-वीस प्रतींपर्यंत मखमल, पुढे ती विरत जाते आणि मागे उरतात हाडासारख्या कोरड्या रेघा. म्हणून एकाच पत्र्याच्या दोन प्रतींत तुमच्या-माझ्या आयुष्याइतका फरक असू शकतो, आणि संग्राहक सुरुवातीच्या प्रतीसाठी जीव टाकतात.

चौथी गोष्ट रीत म्हणण्यापेक्षा खोडी म्हणावी अशी. छापण्यापूर्वी पत्र्यावर शाई चोळायची आणि वरची शाई कापडाने, मग तळहाताने पुसून काढायची, म्हणजे शाई फक्त चरीत राहते. पण पूर्ण पुसलीच नाही तर? शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसली की वर एक पांढुरका थर राहायचा, तसा तांब्यावर शाईचा पातळ पापुद्रा राहतो आणि छापात अख्ख्या चित्रावर करडी छटा उतरते. याला प्लेट टोन म्हणतात. तो हवा तिथे ठेवायचा, हवा तिथे अंगठ्याने पुसायचा. म्हणजे पत्रा तोच, रेघा त्याच, आणि तरी प्रत्येक प्रतीतला प्रहर वेगळा.

एचिंग शिकत होतो तेव्हा मी माझा पहिला ड्रायपॉइंट इतक्या प्रामाणिकपणे पुसला होता की कागदावर जेमतेम चित्राची आठवण उमटली. शिकवणारे सर कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "भांडी छान घासतोस." पुसायचं किती यापेक्षा पुसायचं कुठे थांबवायचं हे अवघड, ही गोष्ट त्या दिवशी कळली.

रात्र कशी काढतात

हॉलंडमध्ये छापील रात्रीचं वेड लावलं ते उट्रेक्टच्या हेन्ड्रिक गौटने. रोममध्ये तो अॅडम एल्सहायमर या जर्मन चित्रकाराजवळ राहिला. एल्सहायमर तांब्याच्या छोट्या पत्र्यांवर रात्रीची तैलचित्रं काढायचा. त्यांवरून गौटने सात एन्ग्रेव्हिंग्ज केली. त्यातलं 1613 मधलं 'इजिप्तला पलायन' बघा. हेरोद राजाच्या भीतीने मरिया, योसेफ आणि बाळ येशू रात्रीतून निघाले आहेत. आभाळात चंद्र आणि पाण्यात त्याचं बिंब, योसेफच्या हातात मशाल, बाजूला मेंढपाळांची शेकोटी, आणि वर आकाशगंगा. प्रत्येक उजेडाची जात वेगळी, आणि ती वेगळी दिसते ती निव्वळ भोवतालच्या रेघांची दाटी कमीजास्त करून. अशा चित्रांनी पुढच्या पिढीतल्या डच चित्रकारांना रात्रीचा धडा दिला.

रेम्ब्रँटचं पहिलं मोठं रात्रचित्र 1634 चं, मेंढपाळांना देवदूत दिसतो ते. आभाळ फाटून उजेड सांडतोय, आणि खाली गुरं-मेंढरं शेपट्या उचलून चौखूर उधळली आहेत. संतमहिम्याच्या चित्रात अशी पळापळ सहसा दिसत नाही; पण रानात अपरात्री अचानक लख्ख उजेड पडला तर जनावरं दुसरं काय करतील? या चित्राची, काम अर्धवट असताना काढलेली एक दुर्मीळ प्रतही टिकून आहे. तीत काळी झाडी आणि डोंगरउतार तयार आहेत, तर आकृत्यांचा बराच भाग नुसत्या बाह्यरेषेत कोरा ठेवलेला. म्हणजे आधी अंधार रचायचा आणि उजेडाची जागा राखून ठेवायची. आपल्या बॉलपेनच्या मेणबत्तीचाच हा मोठा भाऊ.

शंभर गिल्डरचं चित्र

आता मोठ्या चित्राकडे. साधारण 1648 चं, 28 बाय 39 सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं. त्याचं नावच 'शंभर गिल्डर' पडलं (गिल्डर हे डच नाणं), कारण ते एवढ्या किमतीला विकलं गेल्याची बोलवा होती. 1654 मधल्या एका पत्रात तसा उल्लेख सापडतो. त्या काळी कसबी कारागिराला शंभर गिल्डर कमवायला तीन-चार महिने राबावं लागे, आणि हा तर नुसता छापील कागद.

विषय बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, एकोणिसाव्या अध्यायाचा. त्या अध्यायात बऱ्याच गोष्टी एकामागून एक घडतात, आणि रेम्ब्रँटने त्या सगळ्या एकाच चौकटीत, एकाच वेळी घडवल्या आहेत. मधे येशू. डावीकडे एक आई लेकरू घेऊन पुढे येतेय, येशूचा शिष्य पेत्र तिला अडवतोय आणि येशूचा हात तिच्याकडे वळलेला आहे. तिथेच एक श्रीमंत तरुण तोंडाशी हात नेऊन विचारात बुडालाय. आहे ते विकून गोरगरिबांना वाट, असं त्याला सांगितलं गेलंय. वर कोपऱ्यात परुशी, म्हणजे धर्मनियमांचे कर्मठ यहुदी जाणकार, आपापसात वाद घालताहेत. उजवीकडून आजारी, लुळेपांगळे येताहेत, कोणी चटईवर पडलेली, कोणी हातगाडीवर घालून आणलेला. आणि अगदी उजव्या टोकाला कमानीत एक उंट उभा. सुईच्या नाकातून उंट जाईल पण श्रीमंत स्वर्गात जाणार नाही, ते वचन याच अध्यायातलं.

आता छायाप्रकाश बघा. डावी बाजू जवळजवळ नुसत्या रेघांची आहे, भर उन्हात रंग उडून जावेत तशी. उजवी बाजू एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्यूरिन असं सगळं एकावर एक चढवून केलेली गर्द काळी. नवखा बघणारा म्हणेल, उजेडात चांगली माणसं आणि अंधारात वाईट. इथे नेमकं उलट आहे. लख्ख उन्हात उभे आहेत ते वाद घालणारे, ज्यांना सगळं आधीच ठाऊक आहे असे. त्यांच्या अंगावर सावली नाही, म्हणून खोलीही नाही. ते कागदासारखे सपाट आहेत. ज्यांना काही हवं आहे ती माणसं अंधारातून येतात, आणि येशूच्या जवळ येतील तशी थोडी थोडी उजळत जातात. अंधाराला इथे पापाचा रंग नाही. त्याचा रंग आहे तो काहीतरी हवं असण्याचा.

या चित्रात माझी आवडती जागा बोटाच्या पेराएवढी आहे. येशूसमोर एक बाई गुडघे टेकून हात जोडतेय, आणि तिच्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या झग्यावर पडली आहे. जरा थांबून विचार करा. या चित्रात उजेड येशूमधूनच निघतोय. त्याच्या डोक्याभोवती किरण आहेत. ज्याच्यातून उजेड येतो त्याच्यावर सावली पडेल कशी? दिव्याच्या ज्योतीवर कधी कोणाची सावली पडलेली पाहिली आहे? भौतिकशास्त्राच्या पेपरात याला शून्य गुण. पण रेम्ब्रँटची ही चूक असेल असं मला वाटत नाही. त्या छोट्याशा सावलीने तो सांगतो की हा दिवाही आहे आणि तुमच्या-आमच्यासारखा झगा घालून खोलीत उभा राहिलेला माणूसही आहे. त्या बाईला त्याला शिवायची हिंमत झालेली नाही; तिची सावली मात्र पोचली.

हे चित्र छापताना रेम्ब्रँटने पुष्कळदा जपानी कागद वापरला. डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे आपल्याकडे सुरतेला आणि वेंगुर्ल्याला जिची वखार होती तीच, जपानहून मालाबरोबर हा कागदही आणायची. तो पिवळसर, तकतकीत आणि मऊ. युरोपी कागदाचा पांढरा रंग थंड चुन्यासारखा, तर याचा उजेड तुपाच्या निरांजनासारखा उबदार. शिवाय मऊ कागद बराला कमी चेपतो. उजेड म्हणजे कागद, असं एकदा म्हटलं की कागद बदलणं म्हणजे दिवा बदलणंच झालं, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. काही चित्रं त्याने वासराच्या कातड्याच्या चर्मपत्रावरही छापली. चर्मपत्र शाई नीट पीत नाही, त्यामुळे रेघा पसरतात आणि अंधार धुरासारखा होतो.

या पत्र्याचं पुढे जे झालं ते मात्र वाचवत नाही. अठराव्या शतकात तो विल्यम बेली नावाच्या आयरिश कॅप्टनच्या हाती पडला. पत्रा झिजलेला. कॅप्टनसाहेबांनी 1775 च्या सुमारास स्वतः त्यावर नव्याने रेघा ओढल्या, प्रती काढून विकल्या, आणि मग पत्र्याचे चार तुकडे करून ते वेगवेगळे छापले.

भर दुपारचा अंधार

1653 मधलं 'तीन क्रूस' हे तर पूर्ण ड्रायपॉइंट, थोडी ब्यूरिनची मदत. पत्रा 38 बाय 45 सेंटिमीटरचा. एवढा मोठा तांब्याचा पत्रा आम्लाशिवाय, नुसत्या सुईने ओरबाडायचा म्हणजे किती ताकद लागली असेल ते ज्याने एकदा करून पाहिलंय त्यालाच कळेल.

दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो की येशू क्रूसावर असताना दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला. रेम्ब्रँटने घेतला तो हाच प्रहर. पहिल्या प्रतींत आभाळातून उजेडाचा एक शंकू खाली उतरलाय, तंबू ठोकावा तसा. आत तिन्ही क्रूस (मधे येशू, दोन्ही बाजूंना त्याच्याबरोबर चढवलेले दोन चोर), शिपाई, घोडे, मूर्च्छित मरिया, रडणाऱ्या बाया. रोमन शताधिपती घोड्यावरून उतरून गुडघे टेकतो आहे. हा खरोखर नीतिमान माणूस होता असं त्याला त्या क्षणी उमगलं. तंबूच्या कडेकडेला माणसं पांगताहेत, आणि जो बाहेर पडतो तो काळा होत जातो. उजेडाच्या मधोमध काही माणसं इतकी अर्धवट काढली आहेत की ती उजेडात विरघळल्यासारखी वाटतात. कागद तिथे नुसता कोरा आहे.

मुद्राचित्राच्या पत्र्यात बदल करून नव्याने छापलं की त्याला नवा टप्पा म्हणतात. या पत्र्याच्या पहिल्या तीन टप्प्यांत किरकोळ फेरफार आहेत. चौथ्या टप्प्यात मात्र रेम्ब्रँटने जवळजवळ सगळं चित्र मोडलं. पत्रा झिजत आला होता, मखमल उतरली होती, हे त्यामागचं एक साधं, धंद्याचं कारण असावं. पण झिजलेला पत्रा कोणी असा दुरुस्त करत नाही. त्याने आधीच्या गर्दीतली कितीतरी माणसं तांब्यावरून खरवडून, घासून काढली. डावीकडे उंच टोपी घातलेला एक घोडेस्वार नव्याने आणून उभा केला. तो घेतलाय पिसानेल्लो या पंधराव्या शतकातल्या इटालियन कलाकाराने केलेल्या, मान्तुआच्या गोन्झागा सरदाराच्या पदकावरून. आणि मग वरपासून खालपर्यंत पट्टी धरल्यासारखे सरळ, क्रूर ओरखडे. उजव्या बाजूचा चोर क्रूसासकट अंधारात जवळजवळ बुडाला.

पहिल्या टप्प्यात उजेड माणसांवर पडत होता. चौथ्यात अंधार पडतो, आषाढातली सर कोसळावी तसा, वजन घेऊन. पहिल्यात कोण कोण आहे ते मोजता येतं; चौथ्यात आधी काहीच नीट कळत नाही, आणि मग काळोखातून एकेक चेहरा हाती लागतो. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसाला असंच दिसलं असेल ना? पुष्कळ जाणकार पहिला टप्पा सरस मानतात. माझा कौल चौथ्याला.

या दोन चित्रांनंतर 1654 च्या सुमाराचं 'दफन' अगदी लहान वाटेल, जेमतेम 21 बाय 16 सेंटिमीटर. येशूचा देह गुहेत उतरवताहेत, वर कमानीच्या कट्ट्यावर दोन कवट्या. पहिल्या टप्प्यात ते नुसतं मोकळ्या तिरप्या रेघांचं एचिंग आहे, सगळं स्पष्ट. पुढच्या टप्प्यांत त्यावर रेघांचं जाळं इतकं दाट झालं की गुहा खरोखर गुहा झाली. आणि वर प्लेट टोनची ती खोडी. काही प्रतींत शाई देहाभोवती पुसून थोडा उजेड ठेवला आहे; काहींत जवळजवळ पुसलेलीच नाही, तेव्हा डोळे सरावेपर्यंत काळ्याशिवाय काही दिसतच नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात शिरल्यावर आधी समई दिसते आणि मूर्ती मागून, तसंच. अॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर रेम्ब्रँटची मुद्राचित्रं मोठ्या आकारात फुकट बघता येतात. दोन प्रती शेजारी ठेवून बघा, आणि मोबाइलचा ब्राइटनेस वाढवायचा मोह आवरा.

याच काळात अंधाराचा एक सोपा मार्गही निघाला होता, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. लुडविग फॉन झीगेन या जर्मन गृहस्थाने 1642 मध्ये अॅमस्टरडॅमहून आपल्या नव्या शोधाची वर्दी दिली: मेझोटिंट. यात अख्खा पत्रा आधी दातेरी हत्याराने खरखरीत करतात, म्हणजे छापला तर मिट्ट काळा येईल असा, आणि मग हवा तिथे घासून उजेड बाहेर काढतात. डच भाषेत याचं नाव 'काळी कला', आणि दातेरी हत्यार पुढेमागे झुलवायचं म्हणून फ्रेंचांनी त्याला पाळणा म्हटलं. ज्याला सगळी रात्रच काढायची होती त्याच्यासाठी हे आयतं होतं. रेम्ब्रँट त्याच शहरात राहत होता, पण त्याने याला हात लावला नाही. मला त्याचं कारण दिसतं ते असं: मेझोटिंटमधला अंधार गालिच्यासारखा सलग असतो. रेम्ब्रँटच्या अंधारात जवळ गेलं की एकेक रेघ सापडते, आणि रेघेत हात.

आपल्याकडचा धागाही इथेच जोडायला हवा. 1580 मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले, ते अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल घेऊन. त्यात फ्लेमिश कारागिरांची एन्ग्रेव्हिंग्ज होती. दरबारी चित्रकारांनी अशा चित्रांच्या नकला केल्या आणि कपड्याच्या चुण्यांत, चेहऱ्याच्या कडेला सावली द्यायची युक्ती उचलली. पुढे मुघल लघुचित्रं जहाजांतून हॉलंडला गेली आणि 1656 च्या आसपास खुद्द रेम्ब्रँटने त्यांवरून वीसेक रेखाटनं केली, तीही त्याच जपानी कागदावर. त्यातलं एक झाडाखाली बसलेल्या चार दाढीवाल्या वृद्धांचं आहे. 1656 च्या 'अब्राहामाकडे आलेले देवदूत' या एचिंगमध्ये पाहुणे टेबलाशी बसलेले नाहीत. ते जमिनीवर बैठक घालून बसलेत, समोर खाणं मांडलेलं, आपल्याकडच्या पंगतीसारखं. गोव्याच्या वाटेने आलेली सावली अशी फिरून अॅमस्टरडॅमला गेली.

शेवटी 1654 चं 'मशालीच्या उजेडात क्रूसावरून उतरवणं'. आकार 'दफन' एवढाच. रात्र आहे. येशूचा देह डावीकडे वरून खाली येतोय, कोणीतरी मशाल धरली आहे, खाली एक म्हातारा पांढरं कापड पसरून तिरडी तयार करतोय. देह भरभर उतरतोय असं वाटतं, दोरी हातातून सुटावी तसा. आणि मधल्या अंधारात, सगळीकडे आडव्या-उभ्या रेघांची दाटी असताना, एक हात वर आलाय. तळवा उघडा, येणारा भार झेलायला. त्याच्यावर रेम्ब्रँटने जवळजवळ काही काढलेलं नाही, नुसता कागद सोडलाय, म्हणून पानभर अंधारात तो लख्ख दिसतो. ज्याचा हात, तो माणूस मात्र काळोखात उभा आहे.